शेवटचा डबा रिकामा असला तरी

मंडळी, पत्रिकेवर विषय आहे 'तीन भाषांतला स्प्लिट'. भाषा म्हणजे प्रोग्रॅमिंगच्या: जावा, पायथन आणि जावास्क्रिप्ट; आणि स्प्लिट म्हणजे दिलेल्या चिन्हावर मजकूर तोडून त्याचे तुकडे हाती देणारी आज्ञा. सुरुवात जावापासून करतो, कारण माझं जुनं भांडण तिच्याशी आहे.

तेव्हा मी महापेला नोकरीला होतो. सोसायट्यांच्या मेन्टेनन्सची बिलं आमच्या प्रोग्रॅममधून निघायची. सेक्रेटरी फाईल पाठवणार, एका ओळीत पाच गोष्टी: फ्लॅट, नाव, मोबाईल, ईमेल, गाडीचा नंबर. मध्ये स्वल्पविराम. एका रात्री नौपाड्यातल्या एका सोसायटीची बिलं अडकली. मॅनेजर म्हणाले, फाईल खराब आहे. मी सेक्रेटरींना फोन लावला. निवृत्त गृहस्थ, नोटपॅडमध्ये एकेक ओळ हाताने टाईप केलेली. म्हणाले, "अहो, प्रत्येक ओळीत चार स्वल्पविराम मोजून दिलेत मी. ज्यांच्याकडे ईमेल नाही, गाडी नाही, त्यांची जागा रिकामी सोडलीय."

आणि त्यांचं खरं होतं हो! गाडी आहे पण ईमेल नाही, अशा ओळीचे बरोबर पाच तुकडे पडत होते. दोन्ही नाही, तिथे मात्र तीनच. स्प्लिट शेवटच्या रिकाम्या जागा गुपचूप टाकून देतो आणि आमचा कोड पाचवा तुकडा मागत बसलेला. हे कळेपर्यंत ठाण्याची शेवटची गाडी गेली होती.

तुम्ही रोज लोकलने जाता. शेवटचा डबा रिकामा आहे म्हणून कोणी तो सोडवून बाराची गाडी अकराची करतं का? पहिला रिकामा डबा जावा ठेवते, मधला ठेवते, शेवटचेच तेवढे काढते. हे जावाच्या कागदपत्रांत लिहिलेलं आहे, पर्ल या भाषेतही हीच रीत आहे. तरी मला ती पटत नाही. 'गाडी नाही' हीसुद्धा त्या माणसाने दिलेली माहिती आहे. उपाय एवढाच: स्प्लिटला स्वल्पविरामानंतर लिमिट (किती तोडायचं याचा आकडा) म्हणून उणे एक द्या, सगळे डबे राहतात.

पाचच मिनिटं उरलीत म्हणतात, तेव्हा भराभर सांगतो. जावाचा स्प्लिट रेगेक्स घेतो, म्हणजे साधं चिन्ह नाही, तर अक्षरांचा नमुना सांगणारी खूण. टिंबावर तारीख तोडायला गेलात तर हाती शून्य तुकडे, कारण टिंब म्हणजे कुठलंही अक्षर; सगळे तुकडे रिकामे, म्हणून सगळेच टाकले. नुसता एक स्वल्पविराम तोडला तर शून्य तुकडे, पण रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, तोडली तर एक!

पायथनमध्ये स्प्लिटपुढचा कंस रिकामा ठेवलात तर ओळीने आलेल्या कितीही स्पेस एकच धरल्या जातात. कंसात स्पेस दिलीत तर दोन स्पेसमध्ये रिकामा तुकडा येतो.

लिमिट दोन दिलं तर? जावात दोन तुकडे, दुसऱ्यात उरलेलं सगळं. पायथनमध्ये दोन काप, म्हणजे तीन तुकडे. जावास्क्रिप्टमध्ये पहिले दोन हाती येतात, बाकीचं गेलं.

आणि जावास्क्रिप्टमध्ये 'ठाणे' हा शब्द रिकाम्या स्ट्रिंगवर तोडून बघा. चार तुकडे पडतात: ठ, काना, ण, मात्रा. आपली जोडलेली अक्षरं अशी सुटी होऊ द्यायची नसतील तर तिथे इंटल सेगमेंटर (Intl.Segmenter) हा जावास्क्रिप्टमधला तयार भाग वापरा. तो कसा चालतो ते चहाच्या वेळी लॅपटॉपवर दाखवतो.