निरोप खालून वर येतो

पडद्यावर दिसतो आहे तो मज्जारज्जूचा आडवा छेद. मधल्या करड्या भागाच्या पुढच्या बाजूला ज्या मोठ्या, टपोऱ्या पेशी दिसतात, त्या प्रेरक चेतापेशी. पावलातले छोटे स्नायू हलवणाऱ्या अशा एका पेशीचा अक्षतंतू, म्हणजे तिच्यातून निघणारा लांब धागा, कमरेपासून पावलापर्यंत, जवळजवळ एक मीटर लांब असतो. त्यावरून हालचालीची आज्ञा खाली जाते हे सर्वश्रुत आहे. पण पेशी तगून राहते ती उलट दिशेने येणाऱ्या निरोपावर.

याचा पहिला धागा कोंबडीच्या गर्भात सापडला. १९३४ मध्ये गर्भशास्त्रज्ञ व्हिक्टर हँबर्गर यांनी गर्भातला पंखाचा अंकुर काढून टाकला, तेव्हा त्या बाजूच्या प्रेरक पेशींची संख्या घटली. पेशी घडल्याच नसाव्यात, असा त्यांचा तर्क होता. दुसऱ्या महायुद्धात, इटलीतल्या ज्यूविरोधी कायद्यांमुळे विद्यापीठाची दारे बंद झालेल्या रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी राहत्या घरातच तसे प्रयोग केले आणि पेशी घडतात, पण नंतर मरतात, असे दाखवून दिले. अवयव शाबूत असलेल्या गर्भातही सुमारे निम्म्या प्रेरक पेशी अशाच नाहीशा होतात.

पुढे मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांना ‘एनजीएफ’ या वाढघटकाच्या शोधासाठी १९८६ चे नोबेल मिळाले. गंमत अशी, की हा घटक संवेदी आणि अनुकंपी (हृदयाचे ठोके, घाम यांसारख्या आपोआप चालणाऱ्या क्रियांच्या) चेतापेशींना जगवतो. ज्यांच्यापासून शोध सुरू झाला, त्या प्रेरक पेशींना नाही. त्यांच्या कामी येतात ‘बीडीएनएफ’, ‘जीडीएनएफ’ आणि ‘सीएनटीएफ’ यांसारखी प्रथिने.

स्नायूतून, तसेच अक्षतंतूला वेढणाऱ्या ‘श्वान’ (Schwann) नावाच्या आधारपेशींतून स्रवलेले असे प्रथिन तंतूच्या टोकावरील ग्राहीला, म्हणजे ते ओळखून पकडणाऱ्या रेणूला, चिकटते. मग ग्राही आणि प्रथिन एका सूक्ष्म पुटिकेत, म्हणजे पिशवीत, गुंडाळले जातात, आणि डायनीन नावाचे वाहक प्रथिन ती पुटिका तंतूच्या आतल्या सूक्ष्मनलिकांवरून पेशीच्या मुख्य भागाकडे ओढत नेते. पावलापासून तिथवर पोहोचायला काही दिवस लागतात. तिथे गेल्यावर पेशीला जगवणारी जनुके कामाला लागतात आणि आत्मनाशाची यंत्रणा रोखली जाते.

एवढे कळल्यावर, ज्यात नेमक्या याच पेशी मरतात त्या एएलएस या आजारावर हीच प्रथिने द्यावीत, हे ओघानेच आले. १९९० च्या दशकात ‘सीएनटीएफ’ रुग्णांच्या त्वचेखाली टोचून पाहिले गेले. वजन घटले, खोकला लागला, आजार मात्र बळावतच राहिला. ‘बीडीएनएफ’च्या इंजेक्शनांनीही अपेक्षित गुण आला नाही. ही प्रथिने रक्तात फार वेळ टिकत नाहीत आणि रक्तातून मज्जारज्जूत जेमतेमच शिरतात. त्यामुळे या चाचण्यांनी घटकांची उपयुक्तता खोटी ठरवली असे म्हणणे घाईचे होईल. घटक हव्या त्या जागी पुरेसा पोहोचलाच नसण्याची शक्यता मोठी आहे.

म्हणून ‘जीडीएनएफ’ स्रवणाऱ्या पेशीच थेट मज्जारज्जूत रोवण्याचा प्रयत्न झाला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १८ रुग्णांच्या कमरेच्या भागात, एकाच बाजूला, त्या सोडण्यात आल्या, जेणेकरून एका पायाची तुलना त्याच रुग्णाच्या दुसऱ्या पायाशी करता यावी. रोवलेल्या पेशी तगल्या, घटक स्रवत राहिल्या आणि पायाच्या ताकदीवर त्यांचा दुष्परिणाम दिसला नाही; मात्र उपचार झालेला पाय दुसऱ्यापेक्षा निर्विवादपणे सरस ठरला, असेही आढळले नाही.