एसटीत बसलेल्या दोघी

(मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात केलेलं भाषण, वेबसाइटसाठी थोडी काटछाट करून.)

नमस्कार मंडळी.

मला फराळाच्या आधी बोलायला उभं केलंय, म्हणजे मी लांबण लावणार नाही याची सोय आधीच झालेली आहे. कमिटीतल्या काकूंनी विषय दिला होता, 'शॉर्ट फिल्म कशी बनवावी'. मी म्हटलं, काकू, मी आख्खी फिल्म कधी बनवलेलीच नाही. आयुष्यात एका सिनेमाची फक्त सुरुवात बनवली, तीही दोन मिनिटांची आणि एकटीने. त्या सिनेमाला मध्य नाही की शेवट नाही. त्या म्हणाल्या, मग तेच सांग.

गोष्ट २०१४ सालची. नाशिकहून इथे लंडनला येऊन मला चार वर्षं झाली होती आणि मी ए लेव्हलच्या, म्हणजे आपल्याकडच्या अकरावी-बारावीच्या, पहिल्या वर्षाला होते. बायॉलॉजी, मॅथ्स, इंग्लिश आणि चौथा विषय मीडिया स्टडीज. पहिल्या तिन्हींवर कुणी काही बोललं नाही. चौथ्यावर आपल्याच मंडळातल्या एका काकांनी विचारलं होतं, "म्हणजे टीव्ही बघायचा अभ्यास का?" काका आज इथे आहेत आणि हसतायत, त्यामुळे पुढे जाते.

ओसीआर या परीक्षा बोर्डाच्या तेव्हाच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाला १०० गुणांचं प्रात्यक्षिक असायचं. एका नव्या काल्पनिक सिनेमाची सुरुवात करायची, टायटल्ससकट, जास्तीत जास्त दोन मिनिटांची. २० गुण तयारीला, ६० फिल्मला, आणि आपण काय शिकलो हे लिहून दाखवायला २०. चित्रण सगळं स्वतःचं हवं. संगीतही स्वतःचं, नाहीतर कॉपीराइट नसलेलं. चौघांपर्यंत गट चालायचा आणि एकट्याने केलं तरी चालायचं. आता तो अभ्यासक्रम बदललाय, तेव्हा इथल्या पोरांनी लगेच आईबाबांकडे कॅमेऱ्याचा हट्ट धरू नये.

त्याआधी एक छोटा सराव असायचा, तो मला फार आवडायचा. एक माणूस दार उघडतो, खोली ओलांडतो, दुसऱ्या माणसासमोरच्या खुर्चीवर बसतो आणि दोघं दोन वाक्यं बोलतात. बस, एवढंच. पण एवढ्यात तीन गोष्टी दाखवायच्या. दाराची कडी बाहेरून फिरवलेला हात आतल्या शॉटमध्येही तिथूनच पुढे गेला पाहिजे. दोघं बोलताना एकदा हा, एकदा तो, असं दिसलं पाहिजे. आणि तिसरी म्हणजे १८० अंशांचा नियम. कबड्डीचा सामना एका बाजूने बघताना मध्येच कुणी तुम्हाला उचलून समोरच्या बाजूला ठेवलं, तर डावीकडे चढाईला गेलेला गडी अचानक उजवीकडे पळताना दिसेल. म्हणून दोन पात्रांमध्ये एक रेघ आहे असं धरायचं आणि कॅमेरा त्या रेघेच्या एकाच अंगाला ठेवायचा. हा सराव आम्ही तिघी मैत्रिणींनी मिळून केला, आणि झकास केला.

मग ऑक्टोबरची सुट्टी लागली. एकीने विषयच सोडला. दुसरीचं आणि माझं भांडण झालं. कशावरून, ते आज मला आठवतही नाही, पण ती दुसऱ्या गटात गेली एवढं खरं. सरांनी मलाही त्याच गटात जा म्हणून सुचवलं. मी नको म्हटलं. त्यात धाडस वगैरे काही नव्हतं, निव्वळ अकड होती. सोळाव्या वर्षी ती असतेच.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली आणि माझी पहिली अडचण सुरू झाली. शाळा सुटायची साडेतीनला. डिसेंबरात इथला सूर्य चारच्या आत मावळतो, हे तुम्हाला मी काय सांगणार! म्हणजे उजेडासाठी फक्त शनिवार-रविवार, आणि तेही पाऊस नसेल तर. शनिवारी ढगाळ, रविवारी लख्ख ऊन. दोन्ही दिवसांचे शॉट जोडले की मुलगी दाराबाहेर एका ऋतूत आणि दाराच्या आत दुसऱ्या ऋतूत. शेवटी सगळं घरातच घ्यायचं ठरवलं. कथा थ्रिलर होती, वर्गात जवळजवळ सगळ्यांचीच थ्रिलर होती. मुलगी घरी येते, दार उघडंच असतं, आत खुर्चीत एक अनोळखी म्हातारी बसलेली असते, आणि म्हातारी मुलीला तिच्या नावाने हाक मारते. पुढे काय होतं ते मला आजही माहीत नाही. सुरुवातीचा हा एक फायदा असतो.

मुलीचं काम करणारी मैत्रीण त्याच भांडणात गेली होती, म्हणून मुलगी मीच झाले. म्हातारी आजी झाली. ती त्या वर्षी हिवाळ्याला आमच्याकडे आली होती, हे माझं नशीब आणि तिचं दुर्दैव.

आता, कॅमेऱ्यासमोर मी असेन तर कॅमेऱ्यामागे कोण? शाळेचा डीएसएलआर कॅमेरा होता. ऑटोफोकस लावला तर तो माझ्याऐवजी पडद्याच्या नक्षीवर जाऊन बसायचा. मग मी उभी राहणार त्या जागी झाडू उभा केला. जमिनीवर चिकटपट्टीची फुली मारली, झाडूच्या दांड्यावर हाताने फोकस लावला, ऑटोफोकस बंद केला, रेकॉर्डचं बटण दाबलं, धावत गेले, झाडू काढला आणि त्याच्या जागी उभी राहून घाबरले. दम लागलेला असल्यामुळे घाबरणं बरं वठायचं. एकदा झाडू काढायचाच विसरले. त्या टेकमध्ये एक घाबरलेली मुलगी आणि एक झाडू शेजारी शेजारी उभे आहेत.

उजेड कमी पडला की आईला खिडकीपाशी पांढरी चादर धरून उभं करायचे, म्हणजे खिडकीचा प्रकाश परत माझ्या तोंडावर यायचा. आईचे हात भरून यायचे. एकदा ती चादरीमागून म्हणाली, "सरस्वतीबाई फाळक्यांना निदान ऊन तरी होतं."

मी नाशिकची. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तिथे शाळेची सहल गेलेली. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब १९१२ साली इथे लंडनला आले, थेम्सकाठच्या वॉल्टनला सिनेनिर्माते हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते बघितलं, विल्यमसन कॅमेऱ्याची खरेदी केली, परत गेले आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवला. सहलीत आम्हाला सांगितलं होतं, त्यांनी हे सगळं एकट्याच्या जिवावर केलं. पण त्या चित्रपटाचा कॅमेरा त्यांचे मित्र त्र्यंबक तेलंग चालवत होते. कच्च्या फिल्मला तेव्हा कडेची भोकं नसायची. ती अंधारात बसून पाडायचं काम दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. उन्हात पांढरी चादर धरून त्याच उभ्या राहत, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याच गळ्यात. मला यातलं फारसं माहीत नव्हतं. आईला होतं, आणि ते तिने मला बरोब्बर चादर धरलेली असताना ऐकवलं.

आवाजाची वेगळीच कथा. आपल्या कानाला सवय झालेली असते म्हणून कळत नाही, पण फ्रिज दिवसभर घुमत असतो आणि माइकला तो नीट ऐकू येतो. फ्रिज बंद करायचा आणि आठवण म्हणून त्यात गाडीची किल्ली ठेवायची, म्हणजे घराबाहेर पडण्यापूर्वी फ्रिज उघडावाच लागतो, अशी या धंद्यातली जुनी युक्ती आहे. माझ्याकडे गाडी कुठली? मी बसचा पास ठेवला. युक्ती चालली, फक्त रविवारी दुपारी ठेवलेला पास सोमवारी सकाळी लागला. तोवर फ्रीझरमधल्या खवलेल्या नारळाच्या सहाही पाकिटांचं पाणी झालेलं होतं. त्या आठवड्यात आमच्याकडे सोलकढी, नारळीभात आणि ओल्या नारळाच्या वड्या यांच्याशिवाय काही शिजलं नाही.

बागेतल्या वाळक्या पानांवरून कुणीतरी चालत येतंय, हा आवाज मी ताटात चिवड्याचे पातळ पोहे घालून ते मुठीने चुरत रेकॉर्ड केला. तो खऱ्या पानांपेक्षा खरा वाटतो. आजीला ते अजिबात आवडलं नाही. "अन्न आहे ते," म्हणाली, आणि नंतर त्याच चुऱ्याला फोडणी देऊन आम्हाला खायला लावलं. संगीताला पैसे नव्हते, वाद्य वाजवता येत नव्हतं. आई चटणी वाटत असताना मिक्सरचा आवाज घेतला आणि कॉम्प्युटरवर चौपट हळू केला. ऐकाल तर अंगावर काटा येईल. बोर्डाच्या नियमाप्रमाणे पूर्णपणे स्वतःचं संगीत.

आता मुख्य गोष्ट. मुलगी आणि म्हातारी समोरासमोर येतात तो प्रसंग. आजीचे शॉट मी शनिवारी घेतले. तिला सांगितलं होतं, गूढ दिसायचंय, हलायचं नाही. ती दर दोन मिनिटांनी मान वळवून विचारायची, "झालं का? चहा टाकू का?" माझे शॉट रविवारी. तेव्हा आजी शेजारच्या मावशींकडे गेली होती, म्हणून तिच्या जागी झाडू ठेवला आणि त्याच्याकडे बघून दचकले. पुढचे दोन आठवडे एडिटिंग. शाळेच्या कॉम्प्युटरवर जेवणाच्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, मिळेल तेव्हा. प्रत्येक कट फ्रेमफ्रेमने सरकवला. तो प्रसंग मी चाळीसेक वेळा तरी बघितला असेल. मला वाटत होतं, जमलंय.

घरी आणून लॅपटॉपवर लावला. आजी चष्मा पुसून बसली. प्रसंग संपला आणि म्हणाली,

"आपण दोघी एसटीत बसल्यासारख्या दिसतोय की गं."

मला कळेना. मी परत लावलं. आणि मग दिसलं. आजी उजवीकडे बघतेय आणि मीही उजवीकडेच बघतेय. एकमेकींकडे बघतच नाही आहोत. एकीच्या मागच्या सीटवर दुसरी, आणि दोघी मिळून ड्रायव्हरकडे बघतोय! झाडू कॅमेऱ्याच्या चुकीच्या बाजूला ठेवला होता, म्हणजे कॅमेरा रेघेच्या पलीकडे गेला होता. १८० अंशांचा नियम, ज्यावर मी वहीत अडीच पानं लिहिली होती, आकृतीसकट, तो मी मोडला होता आणि चाळीस वेळा बघूनही मला दिसला नव्हता. आजीने त्या नियमाचं नावही ऐकलेलं नव्हतं.

एकटीने काम करताना झोप कमी पडली, उजेड कमी पडला, पण त्याचं पुढेमागे निभावतं. मला सगळ्यात जास्त कमी पडलं ते म्हणजे "हे काहीतरी चुकतंय गं" म्हणणारं माणूस. ज्या मैत्रिणीशी मी भांडले ती नेमकी हेच करायची, आणि मला वाटतं आमचं भांडणही त्यावरूनच झालं असणार. तेव्हा तिला फोन करायला हवा होता. नाही केला.

परत चित्रण करायला वेळ नव्हता, कॅमेरा शाळेत जमा झालेला. म्हणून माझे सगळे शॉट एडिटिंगमध्ये आरशासारखे उलटे केले. उजवीकडे बघणारी मी डावीकडे बघायला लागले. भांग दुसऱ्या बाजूला गेला, कोटाची बटणं दुसऱ्या बाजूला गेली, हे चालून जातं. पण माझ्या मागे भिंतीवर आमचं कालनिर्णय होतं. तेही उलटं झालं. डिसेंबर महिना उजवीकडून डावीकडे. मी ते तसंच ठेवलं, कारण परीक्षक कुणीही असला तरी त्याला उलटं मराठी आणि सुलटं मराठी सारखंच, असा माझा हिशेब होता. तो बरोबर ठरला.

टायटल्सना बसले तेव्हा आणखी एक गंमत झाली. दिग्दर्शकाचं नाव सगळ्यात शेवटी येतं, त्याआधी कलाकार, वेशभूषा, संगीत, संकलन, छायाचित्रण, निर्मिती, लेखन. खरं खरं लिहायचं तर दोन मिनिटांत माझंच नाव आठ वेळा. ते बघताना मला स्वतःलाच हसू यायला लागलं. सर म्हणाले, खोटी नावं टाक, सगळे टाकतात. मी वेशभूषेला आईचं टाकलं, कारण कोटाचं बटण तिने लावलं होतं. बाबांनी फक्त गाडीतून कॅमेरा आणला होता, तरी त्यांना निर्माता केलं, ते अजून तसं सांगतात. आजीला कलाकारांमध्ये टाकलंच होतं. एसटीच्या प्रकरणानंतर संकलनालाही माझ्या नावाशेजारी तिचं नाव घातलं. तिने विचारलं, संकलन म्हणजे काय? मी म्हटलं, चुका काढणं. "ते मला जमतं," म्हणाली.

गुण किती मिळाले असं मघाशी दाराशी कुणीतरी विचारलं. तयारीला छान, फिल्मला बरे, आत्मपरीक्षणाला छान, कारण लिहायला चुका भरपूर होत्या. अभिनयाला गुण नसतात.

काकू खूण करतायत, करंज्या तळून झाल्यात. शेवटचं एवढंच की ती दोन मिनिटं मी पेनड्राइव्हवर आणली आहेत. आजी या वर्षीही आलेली आहे, ती तिथे पहिल्या रांगेत बसली आहे. दादा, जरा दिवे बंद करता का? मिक्सर सुरू झाला की घाबरू नका. आणि कालनिर्णयाकडे कृपा करून बघू नका, नाहीतर आजी आत्ता सगळ्यांना विचारेल, एकादशी कुठल्या बाजूला गेली.