विरलेलं लुगडं, विरलेला कागद

(फाल्गुनातली दुपार. कोरेगाव तालुक्यातल्या एका घराची ओसरी. जुन्या लुगड्यांचा ढीग.)

वाकळ शिवायला घेतली आहे. सासूबाई एक हिरवं लुगडं उचलतात, दोन्ही अंगठ्यांत धरतात आणि हलकेच ताणतात. धड कापड फाडलं की चर्रर्र आवाज येतो. हे गुपचूप दुभंगलं.

"वरनं नगं लावू गं, इरलंय त्ये. आत घाल."

इरलंय, म्हणजे विरलंय. विळ्याचा इळा होतो, तसंच हे.

लिहिताना आपण 'ठिसूळ झालं' म्हणतो आणि मोकळे होतो. बोलण्यात मात्र ज्या त्या वस्तूचं क्रियापद निराळं. काच तडकते, बांगडी पिचते. दोन्ही एका क्षणात. विरायला वर्षं लागतात. अंगावर वापरून, दगडावर आपटून, उन्हात वाळवून लुगडं विरतं. शालू तर पेटीत नुसता पडून असला, तरी घडीवर विरतो. आभाळातला ढग विरतो, लांब गेलेली हाक विरते, तेच हे क्रियापद. कापड अजून हातात असतं, रंगही असतो, पण सुतातला जीव गेलेला असतो.

(वाई. एका वाड्यातलं भिंतीतलं कपाट.)

मराठी विश्वकोश जिथं घडला, त्या या गावात जुन्या कागदांची अशी कपाटं सापडतात. हे एक जुनं छापील पुस्तक. कडा तपकिरी झाल्यात. कोपरा एकदा पुढं, एकदा मागं दुमडला, आणि तुकडा बोटावर आला. जुने ग्रंथपाल कागद अशाच घडीनं पारखतात. शेजारच्या दप्तरातला हातकागद याच्याहून जुना, तरी वळवला तर वळतो.

एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या लगद्याचा कागद आला. शाई फुटू नये म्हणून त्यात राळ आणि तुरटी घालत. दमट हवेत त्या तुरटीतून आम्ल तयार होतं आणि ते कागदातल्या सेल्युलोजच्या, म्हणजे ज्या द्रव्याचे झाडांचे धागे बनलेले असतात त्याच्या, लांब साखळ्या तोडत राहतं. साखळ्या आखूड झाल्या की कागद वाकत नाही, मोडतो. हातकागद बहुधा चिंध्यांचा किंवा तागाचा, लांब धाग्यांचा, म्हणून तो तगतो.

सुती लुगडंही सेल्युलोजचंच. त्याच्या साखळ्या ऊन तोडतं, घाम तोडतो. कागद घडीवर विरला, लुगडं विरलं, असं आपली माणसं एकाच क्रियापदानं म्हणत आली. रसायन कुणी शिकवलं नव्हतं. बोटांना कळलं होतं. म्हणून हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. नव्या पिढीच्या तोंडी सगळंच 'खराब झालं' असतं, तेव्हा जीव हळहळतो.

(पुन्हा ओसरी. धावदोरा चालू आहे.)

हिरवं लुगडं चार पदरांच्या आत गेलंय. आता त्याच्यावर ताण नाही, ऊन नाही. उद्या वरचं कापड विरलं, की त्यावर दुसरं लुगडं चढेल. हिरवं आत तसंच राहील.