गोपनीय आहे ते, भाऊ!

नमस्कार श्रोतेहो. मागच्या उन्हाळ्यात मी एका सरकारी कार्यालयात आमच्या रस्त्याचं मोजमाप पुस्तक, एमबी म्हणतात ते, पाहायला मागितलं. साहेबांनी कूलरचं तोंड स्वतःकडे वळवलं. "काहून पाहिजे? गोपनीय आहे ते, भाऊ." खड्डे गावभर सगळ्यांच्या कमरेला ठाऊक, माप तेवढं गोपनीय!

हा धाक 1923 च्या शासकीय गुपिते कायद्याचा. त्याचं कलम 5 इतकं ऐसपैस, की कागद देणाऱ्यासोबत घेणाराही सापडतो. 2002 मध्ये दिल्लीचे पत्रकार इफ्तिखार गिलानी त्यापायी सात महिने तिहारमध्ये होते. त्यांच्याकडचा 'गुप्त' मजकूर आधीच छापून आलेला होता. सरकारने शेवटी खटला मागे घेतला.

पण या कायद्याला आवर घालणाऱ्या कुंपणाचा एक खुंटा आपल्या नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये, उच्च न्यायालयात ठोकला गेलाय. वर्ध्यात एकाने पोलीस ठाण्यात मोबाईलवर चित्रीकरण केलं, तर त्याच्यावर चक्क हेरगिरीचं कलम! 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. 'प्रतिबंधित ठिकाण' म्हणजे काय, हे कायद्यातच लिहिलंय आणि त्यात पोलीस ठाणं नाही. व्याख्या नीट वाचली, बस. मला हा निकाल म्हणूनच फार आवडतो.

माहिती अधिकार कायद्याचं कलम 22 तर गुपिते कायद्यालाही मागे सारतं. 2019 मध्ये राफेल विमानखरेदी प्रकरणात वृत्तपत्रात आलेले कागद पाहूच नका, असा सरकारचा आग्रह होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही.

आतून बातमी देणाऱ्याचं काय? सत्येंद्र दुबे या अभियंत्याने महामार्गाच्या कामातला गैरव्यवहार पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि आपलं नाव गुप्त ठेवा, अशी विनंती केली. राखण्यासारखं गुपित होतं ते एवढंच. पत्र नावासकट फिरलं. नोव्हेंबर 2003 मध्ये गयेत त्यांची गोळी घालून हत्या झाली. अशांच्या संरक्षणाचा कायदा 2014 मध्ये मंजूर झाला, राष्ट्रपतींची सहीही झाली. लागू मात्र केलेला नाही.

मी घरी येऊन माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. तिसाव्या दिवशी पत्र आलं, पुस्तक पाहायला या. गेलो आणि थेट हवं ते पान काढलं. साहेब चमकले. "हेच पान कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी म्हटलं, "कूलर जरा इकडे वळवता का?"