स्नॅपनंतरचे अडीच सेकंद

[दृश्य: उंचावरून कॉलेजचं रिकामं मैदान. शेजारी एनएफएलचं मैदान.]

अमेरिकन फुटबॉलमध्ये चाल चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. कॉलेजातला क्वार्टरबॅक व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, टिकेल का, हे संघांचे पारखी, म्हणजे स्काउट, कसं जोखतात, ते बघू. पडद्यावरची ही दोन्ही मैदानं १६० फूट रुंद आहेत. फरक आहे तो मध्यावर आखलेल्या आखूड रेघांच्या दोन रांगांमध्ये. त्यांना हॅशमार्क म्हणतात. चेंडू कडेला जाऊन थांबला, तरी पुढची चाल जवळच्या हॅशवरूनच सुरू होते. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये या दोन रांगांत ४० फुटांचं अंतर असतं. व्यावसायिक एनएफएलमध्ये फक्त १८ फूट ६ इंच.

कॉलेजात चेंडू डाव्या हॅशवर असला, की डावीकडे ६० फूट जागा उरते आणि उजवीकडे १०० फूट. त्या १०० फुटांत बचावपटूंना पांगावं लागतं आणि कुणीतरी रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, एकटा सापडतो. एनएफएलमध्ये चेंडू कायम मध्याजवळ असतो. बचाव दोन्हीकडे जवळपास सारखा उभा राहतो आणि कॉलेजात मिळणारी ती ऐसपैस जागा आक्रसते. म्हणून कॉलेजच्या क्वार्टरबॅकची फिल्म बघताना स्काउटच्या वहीत आधी दोन गोष्टी उतरतात. चेंडू कोणत्या हॅशवर होता? आणि पास कोणत्या बाजूला गेला?

यातल्या एका पासची स्काउट वाटच बघत असतात. डाव्या हॅशवरून उजव्या कडेला, १५ यार्डांवर (यार्ड म्हणजे तीन फूट) बाहेर वळणाऱ्या रिसीव्हरसाठी फेकलेला. कागदावर तो १५ यार्डांचा. पण चाल जिथून सुरू होते त्या रेषेच्या सुमारे ८ यार्ड मागे क्वार्टरबॅक असतो. तिरपं अंतर धरलं, तर चेंडू हवेत साधारण ३८ यार्ड कापतो. तो हातातून उशिरा सुटला किंवा वाटेत तरंगला, तर बचावपटू मध्येच झेप घेतो आणि त्याच्यापुढे सगळं मैदान मोकळं असतं. हाताचा जोर बघायचा असेल तर हा पास बघावा. ६० यार्डांचा उंच पास टाळ्या मिळवतो, पण जोराबद्दल त्यातून फारसं कळत नाही.

[दृश्य: अंधारी खोली. पडद्यावर एकच चाल पुन्हा पुन्हा मागे-पुढे होते.]

टीव्हीवरचा सामना या कामाला निरुपयोगी. कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो आणि मागे उभे असलेले बचावपटू चौकटीबाहेर जातात. संघ वापरतात ती फिल्म वेगळी. मैदानावरचे बावीसच्या बावीस खेळाडू एका चौकटीत, एकदा बाजूने आणि एकदा गोलरेषेमागून. गोलरेषेमागच्या कोनातून क्वार्टरबॅकचं हेल्मेट कुठे वळतंय, हे दिसतं. नजर कुठे आहे, हे कळायला तेवढं पुरतं.

सामने निवडण्यातही मेख आहे. प्रशिक्षकाने पुढे केलेले चार सुंदर सामने बघून उपयोग नाही. सगळ्यांत तगड्या बचावाविरुद्धचा सामना हवा, दणदणीत हार झालेला एक हवा, वारा-पावसातला मिळाला तर उत्तम. दहा यार्ड पुढे जायला संघाला चार प्रयत्न मिळतात. त्यातल्या तिसऱ्या प्रयत्नात ७ किंवा जास्त यार्ड हवे होते, अशा सगळ्या चाली एकत्र काढायच्या. अशा वेळी बचावाला ठाऊक असतं की आता पास येणार, आणि क्वार्टरबॅकला लपायला जागा उरत नाही.

चेंडू पायांमधून मागे येतो, तो क्षण म्हणजे स्नॅप. तिथून पास सुटेपर्यंत सरासरी अडीच सेकंद, कधी थोडे जास्त. पण बघायला सुरुवात करायची त्याच्याही आधी. सर्वांत मागे उभे असलेले सेफ्टी किती? एक की दोन? एक असेल तर मधला खोल भाग त्याच्याकडे. दोन असतील तर मैदानाचा खोल भाग दोघांत वाटलेला. चांगला बचाव दोन दाखवतो आणि स्नॅप होताच एकाला खाली पळवतो. चित्र बदललं, हे पोराला कधी कळलं? पहिल्या पावलाला, तिसऱ्या पावलाला, की चेंडू विरुद्ध संघाच्या हातात गेल्यावर?

मग पाय. उजव्या हाताने फेकणाऱ्याचं डावं पाऊल लक्ष्याकडे वळायला हवं आणि ढांग आवरलेली हवी. ढांग लांब पडली की खांदा मागे झुकतो आणि चेंडू रिसीव्हरच्या डोक्यावरून जातो. पाय एकमेकांना चिकटले की सगळा भार हातावर येतो आणि चेंडू खाली पडतो. हे दोष दुरुस्त होतात. अवघड असतो तो डोळ्यांचा दोष. समोरून अंगावर येणारे धिप्पाड खेळाडू बघून ज्याची नजर खाली येते, त्याला पुढचं मैदान दिसत नाही. त्याहून वाईट म्हणजे पॉकेट शाबूत असताना, सहकाऱ्यांनी नीट रोखून धरलेलं असताना, सवयीने बाहेर पळणं. कॉलेजात पळून सुटता येतं. एनएफएलमध्ये कडेचा बचावपटू त्याच्याइतकाच वेगवान असतो.

अचूकतेचं मोजमापही टक्केवारीवर सोडून चालत नाही. आडवा धावणाऱ्या रिसीव्हरच्या कमरेमागे चेंडू आला, त्याने वळून झेलला आणि तिथेच पडला. नोंद झाली ‘पूर्ण पास, ६ यार्ड’. तोच चेंडू छातीसमोर एक हात पुढे आला असता तर तो पळतच राहिला असता. स्काउटच्या लेखी पहिला पास चुकलेला असतो.

[दृश्य: पडद्यावर चालींची यादी. एकेक ओळ खोडली जाते.]

आता वजाबाकी. रेषेच्या मागेच दिलेले स्क्रीन पास काढून टाका. पळणं आणि पास यांतला पर्याय देणाऱ्या चाली, म्हणजे आरपीओ, वेगळ्या ठेवा. कॉलेजच्या नियमात अशा चालीत पुढच्या फळीतले खेळाडू ३ यार्ड पुढे जाऊ शकतात, एनएफएलमध्ये १ यार्ड. त्या दोन यार्डांच्या सवलतीमुळे बचावपटूला समोर पळण्याचीच चाल दिसते आणि पास सोपा होतो. बाजूरेषेवरून प्रशिक्षकाने चित्रांचे फलक दाखवून ठरवून दिलेला, पहिल्याच रिसीव्हरकडे गेलेला पासही बाजूला काढा. काही पोरांच्या वाट्याला या वजाबाकीनंतर एका सामन्यातले आठ-दहा पासच उरतात. मूल्यमापन करायचं ते त्यांचं.

आकडेवारीत एक गोष्ट मात्र कामाची आहे. दबावाखाली आलेल्या चालींपैकी किती वेळा तो चेंडूसकट आडवा झाला, त्याचं प्रमाण. पाचांत एकापेक्षा जास्त असेल तर लाल शाई. दोष पुढच्या फळीवर ढकलायची पद्धत आहे. पण दबाव आल्यानंतर चेंडू सोडायचा की धरून ठेवायचा, हे क्वार्टरबॅक ठरवतो, आणि ही खोड कॉलेजातून एनएफएलमध्ये त्याच्याबरोबरच येते.

[दृश्य: इंडियानापोलिस, लुकास ऑइल स्टेडियम. उंचीची पट्टी, हाताचं माप.]

फेब्रुवारीच्या अखेरीस सगळे इथे जमतात. कंबाइन, म्हणजे ड्राफ्टआधीची सामूहिक चाचणी. ड्राफ्टमध्ये संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने, फेऱ्यांत निवडतात. उंची चार आकड्यांत लिहितात. ६०२१ म्हणजे ६ फूट २ इंच आणि वर एक अष्टमांश. हाताचा पंजा अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजतात. ९ इंचांखाली गेला की कुजबुज सुरू होते. २०२२ मध्ये केनी पिकेटचा पंजा साडेआठ इंच निघाला आणि आठवडाभर दुसरा विषय नव्हता. जो बरोचा बरोबर ९ होता. २०१९ च्या हंगामात एलएसयूसाठी (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) त्याने ६० टचडाउन पास, म्हणजे गोलरेषेपार पोचून गुण मिळवून देणारे पास, फेकले होते, आणि २०२० च्या ड्राफ्टमध्ये तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. पंज्याला महत्त्व आहे ते ओल्या चेंडूत आणि मार खाताना पकड टिकवण्यात. त्यासाठी त्याच्या हातून चेंडू किती वेळा सुटला, ते फिल्ममध्ये मोजता येतं. पट्टी कशाला?

वसंतात कॉलेजं आपापल्या मैदानावर प्रो-डे भरवतात. क्वार्टरबॅक आपल्याच रिसीव्हरना, आधी घोटून ठेवलेल्या क्रमाने साठेक पास फेकतो. समोर बचाव नसतो. नेटमध्ये ओळखीच्या गोलंदाजाला षटकार मारण्यासारखं हे. २०२१ मध्ये बीवाययूच्या (ब्रिगम यंग विद्यापीठ) झॅक विल्सनने डावीकडे पळत, अंग उलटं पिळून मैदानाच्या पलीकडच्या कडेला एक लांब पास टाकला. ती चित्रफीत देशभर फिरली. पुढच्या महिन्यात न्यूयॉर्क जेट्स संघाने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं.

[दृश्य: छोटी खोली, पांढरा फळा, हातात मार्कर.]

खरी माहिती बंद खोलीत मिळते. प्रशिक्षक फळ्यावर आपल्या संघाची एक चाल शिकवतो. रचना, पुढच्या फळीने कुणाला अडवायचं, कुणाकडे आधी बघायचं. मग विषय बदलतो. घर, गाव, शिक्षण. पंधरा मिनिटांनी फळा पुसून पोराला सांगतात, काढ. डझनभर शब्दांची ती चाल त्याच क्रमाने म्हणता आली पाहिजे, कारण रविवारच्या सामन्यात हेच करायचंय. हेल्मेटमधल्या रेडिओवर प्रशिक्षकाचा आवाज येतो आणि चाल सुरू करण्याच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तुटतो. पुढे सगळं त्याच्यावर.

दुसरा प्रयोग त्याच्या सगळ्यांत वाईट चालीचा. पडद्यावर त्याचाच हुकलेला पास लावतात आणि विचारतात, काय झालं? सेफ्टी कुठे होता, पहिली नजर कुठे, दुसरी कुठे, हे न अडखळता सांगणारा पोरगा आपला खेळ जाणतो. ‘रिसीव्हर चुकीचा वळला’ एवढंच उत्तर आलं, तर स्काउट कॉलेजमधल्या सहायकाला फोन करून रिसीव्हर खरंच चुकला होता का, ते तपासतो.

५० प्रश्न आणि १२ मिनिटांची वंडरलिक चाचणी कंबाइनने २०२२ पासून बंद केली. कुणाला तिची फार आठवण येत असेल असं वाटत नाही. तिच्या जागी आलेल्या नव्या आकलन चाचण्याही जपूनच वाचाव्यात. २०२३ मध्ये सी. जे. स्ट्राउडचे कमी गुण ड्राफ्टआधी बाहेर फुटले. ह्यूस्टन टेक्सन्स संघाने तरी त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा आक्रमक खेळाडू तोच ठरला.

डॉक्टरांचा कागद मात्र सगळ्यांवर भारी पडतो. तुआ टॅगोवायलोआचा नितंबाचा सांधा नोव्हेंबर २०१९ मध्ये निखळला. पुढच्या वसंतात साथीमुळे दारं बंद झाली आणि संघांना त्याला पुन्हा आपल्या डॉक्टरांसमोर बसवता आलं नाही. मायामीने त्याला पाचव्या क्रमांकावर निवडलं, ते मुख्यतः अहवालांच्या भरवशावर.

[दृश्य: २०१८. पाच तरुण, पाच गणवेश.]

हे सगळं करूनही काय होतं, ते २०१८ मध्ये बघा. पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक. बेकर मेफील्ड पहिला, सॅम डार्नोल्ड तिसरा, जॉश ॲलन सातवा, जॉश रोझन दहावा आणि फेरीच्या शेवटी, बत्तिसावा, लमार जॅक्सन.

रोझनची फेक पुस्तकात छापावी अशी. ॲलनचा जोर अफाट, पण वायोमिंगच्या कॉलेजात त्याचे जेमतेम ५६ टक्के पास पूर्ण झालेले. इतक्या कमी टक्केवारीचा खेळाडू एनएफएलमध्ये अचूक होत नाही, हा संकेत पक्का होता, आणि तो बहुतेकदा खराही ठरतो. ॲलन पहिल्या वर्षी ५२.८ टक्क्यांवर राहिला, दुसऱ्या वर्षी ५८.८. तिसऱ्या वर्षी ६९.२. मधल्या काळात त्याची फेकण्याची पद्धत नव्याने बांधली गेली, तिन्ही वर्षं आक्रमणाचा प्रशिक्षक ब्रायन डेबॉल हाच राहिला आणि २०२० मध्ये त्याच्या बफेलो संघाने रिसीव्हर स्टीफन डिग्ज आणला. रोझनच्या वाट्याला उलटं आलं. त्याच्या ॲरिझोना संघाने आक्रमणाच्या प्रशिक्षकाला हंगामाच्या मध्यात काढलं, मुख्य प्रशिक्षकाला हंगाम संपल्यावर, आणि रोझनला पुढच्या एप्रिलमध्ये, नवा क्वार्टरबॅक कायलर मरेला पहिल्या क्रमांकावर घेऊन. तेरा सामने सुरू करायला मिळालेल्या खेळाडूचं मूल्यमापन चुकलं, की त्याला ठेवलेली जागा चुकली? मला दुसरं जास्त पटतं, पण रोझन पुढे कुठेच रुजला नाही, हेही खरं.

जॅक्सनबद्दलची चूक निराळ्या जातीची. २०१६ ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकलेल्या खेळाडूला रिसीव्हर करावं, असं जाहीरपणे म्हटलं गेलं. त्याला निवडणाऱ्या बाल्टिमोर संघाने २०१९ मध्ये आक्रमणच त्याच्या पायांभोवती उभं केलं. त्या वर्षी ३६ टचडाउन पास, पळून १,२०६ यार्ड आणि एकमताने एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू. बाकीच्यांनी त्याला आपल्या साच्यात बसवून बघितलं होतं.

[दृश्य: ड्राफ्टच्या दिवशीची खोली. भिंतीवर नावांच्या पट्ट्या.]

म्हणून आता नुसती श्रेणी पुरत नाही. श्रेणीशेजारी लिहावं लागतं: कोणत्या आक्रमणात, कोणत्या प्रशिक्षकाखाली, पहिल्या वर्षी खेळवायचा की बसवायचा. आणि किंमत. २०११ पासून नवोदितांचे पगार ठरीव असल्याने चुकीची किंमत पैशांत कमी आणि पुढच्या वर्षांच्या निवडींत जास्त मोजावी लागते. सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये तिसऱ्या क्रमांकासाठी आपली त्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड दिली आणि पुढच्या दोन वर्षांच्याही. घेतला ट्रे लान्स, ज्याने कॉलेजात जेमतेम १७ सामने सुरू केले होते. पुढच्याच वर्षी त्याच खोलीने ब्रॉक पर्डीला २६२ व्या, म्हणजे अगदी शेवटच्या क्रमांकावर उचललं. सुपर बोलपर्यंत, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यापर्यंत, संघाला नेलं ते पर्डीने.

पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो. पाचवं वर्ष हवं की नको, हे संघाला तिसरा हंगाम संपल्यावर मे महिन्याच्या सुरुवातीला सांगावं लागतं. २०२१ च्या पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले होते: ट्रेव्हर लॉरेन्स, झॅक विल्सन, ट्रे लान्स, जस्टिन फील्ड्स आणि मॅक जोन्स. मे २०२४ मध्ये मुदत संपली तेव्हा पाचव्या वर्षाचा होकार एकट्या लॉरेन्सला मिळाला होता. बाकीचे चौघे तोवर दुसऱ्या संघांत गेले होते.