उज्जल दोसांझ : जवळच्यांच्या दडपणापुढे न वाकलेला मंत्री

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडे संपादित करून)

मंडळी, नमस्कार.

आपण ज्या प्रांतात राहतो त्या ब्रिटिश कोलंबियानं १९०७ मध्ये भारतीय वंशाच्या लोकांचा मतदानाचा हक्क काढून घेतला. तो परत मिळाला १९४७ च्या एप्रिलमध्ये. मधली चाळीस वर्षं मतदारयादीत नाव नाही, आणि नाव नाही म्हणून वकिलीसारख्या व्यवसायाची दारंही बंद. इथे जन्मलेल्या आपल्या मुलांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही. त्याच प्रांतात फेब्रुवारी २००० मध्ये पंजाबातून आलेला एक वकील प्रीमियर झाला, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत मुख्यमंत्री. कॅनडाच्या कुठल्याही प्रांतात भारतीय वंशाचा माणूस त्या पदावर बसण्याची ती पहिलीच वेळ. उज्जल दोसांझ.

आज त्यांच्याविषयी बोलायचं कारण सांगतो. आपला माणूस केवढा मोठा झाला, या कौतुकात मला फार रस नाही. मंत्र्यावर सगळ्यात अवघड दडपण येतं ते त्याच्या जवळच्या माणसांचं, आणि या माणसानं ते दोनदा झुगारलं. एकदा स्वतःच्या समाजातलं, एकदा स्वतःच्या पक्षातलं.

जालंधर जिल्ह्यातलं दोसांझ कलां हे त्यांचं गाव. आजोळचे आजोबा मूलासिंग बैन्स स्वातंत्र्यलढ्यातले. (पंजाब, हा पॅसिफिक किनारा आणि स्वातंत्र्यलढा यांच्यात आपलाही एक धागा आहे, तो विसरू नये. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेच्या याच किनाऱ्यावर गदर चळवळीत आले, आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये करतारसिंग सराभांबरोबर लाहोरला फासावर गेले.) दोसांझ १९६४ मध्ये इंग्लंडला गेले, १९६८ मध्ये व्हँकूव्हरला. इथे लाकडाच्या गिरणीत कामाला लागले. पाठीला दुखापत झाली, गिरणीतलं काम सुटलं, मग ते शिकले. आधी पदवी, नंतर कायदा. १९७७ मध्ये सनद मिळाली. ज्या वकिलीची दारं तीस वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या लोकांना बंद होती, त्याच वकिलीत त्यांनी शेतमजुरांचे प्रश्न हाती घेतले. फ्रेझर खोऱ्यातल्या बेरीच्या शेतांवर राबणारे हे मजूर बहुतेक पंजाबीच होते, आणि मळ्यांवर मजूर पुरवणारे मुकादमही बऱ्याचदा पंजाबीच. म्हणजे मजुरांची बाजू घ्यायची तर आपल्यातल्याच लोकांशी भांडण आलं.

त्याहून मोठं भांडण पुढे होतं. १९८४ नंतर इथल्या गुरुद्वारांमधून खलिस्तानच्या नावानं हिंसेची भाषा सुरू झाली. दोसांझ स्वतः शीख, आणि त्यांनी उघडपणे सांगितलं की हे चूक आहे. फेब्रुवारी १९८५ मध्ये त्यांच्या कार्यालयाबाहेर गाड्या लावण्याच्या जागेत एकानं लोखंडी कांबीनं त्यांच्यावर हल्ला केला. हात मोडला, डोक्याला ऐंशी टाके पडले. ते बरे झाले आणि पुन्हा तेच बोलू लागले. त्याच वर्षी २३ जूनला एअर इंडियाचं कनिष्क विमान आयर्लंडजवळ समुद्रात पडलं. ३२९ माणसं गेली. जे आधीपासून ओरडून सांगत होते त्यांचं कुणी ऐकलं असतं तर, हा विचार आजही मनातून जात नाही.

निवडणुकांचं म्हणाल तर न्यू डेमोक्रॅटिक पक्षातर्फे ते १९७९ ला हरले, १९८३ लाही हरले. १९९१ मध्ये व्हँकूव्हर-केन्सिंग्टनमधून निवडून आले. पहिल्या पराभवापासून पहिल्या विजयापर्यंत बारा वर्षं. आपल्याकडे एका पराभवानंतर घरचेच म्हणतात, पुरे झालं आता. विधानसभेत पहिले भारतीय वंशाचे आमदार मात्र ते नव्हेत. तो मान मो सिहोटांचा, १९८६ चा.

१९९५ मध्ये ते मंत्री झाले आणि त्याच ऑगस्टमध्ये अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे प्रांताचे कायदेमंत्री. या पदाचं वेगळेपण समजून घेतलं पाहिजे. हा मंत्री मंत्रिमंडळात बसतो, पक्षाचाच असतो, पण खटला भरायचा की नाही या बाबतीत पक्षाचं हित त्याच्या मनात येताच कामा नये. मंत्री आपला झाला की चिठ्ठी घेऊन त्याच्या दारात उभं राहायचं, ही सवय आपण गावाकडून इथवर आणली आहे. त्या सवयीला या पदावर जागाच नाही.

याच पदावरच्या एका प्रकरणात माझं त्यांच्याशी जुळत नाही. पद हाती आलं तेव्हा गुस्ताफसेन लेकचा पेच चालू होता. मूळनिवासी आंदोलक एका पशुपालकाच्या ताब्यातल्या जमिनीवर ठाण मांडून बसले होते, त्यांतल्या काहींकडे शस्त्रं होती. शेकडो पोलीस आणि चिलखती गाड्या तिथे पोहोचल्या. सुदैवानं कुणाचा जीव गेला नाही. शस्त्रं खाली ठेवल्याशिवाय बोलणी नाहीत, ही दोसांझांची भूमिका कायद्याच्या दृष्टीनं समजते. पण या प्रांतातली बहुतेक जमीन कुठल्याही कराराविना घेतलेली आहे, आणि मतदानाचा हक्क नाकारला गेलेल्या समाजातून आलेल्या माणसाकडून मी त्या दुःखाला आणखी जागा मागितली असती. पुढे मे २००० मध्ये निसगा या मूळनिवासी लोकांशी झालेला जमिनीचा करार अमलात आला तेव्हा प्रीमियर तेच होते, हेही सांगितलंच पाहिजे. या प्रांतातला तो पहिला आधुनिक करार.

१९९७ मध्ये पोटगी आणि मुलांचा ताबा या बाबतीत समलिंगी जोडप्यांना इतर जोडप्यांइतकेच हक्क देणारा कायदा झाला, कॅनडात सर्वांत आधी इथे. धार्मिक मंडळींचा विरोध मोठा होता. अ‍ॅटर्नी जनरल म्हणून दोसांझ त्या कायद्यामागे उभे राहिले.

मग १९९९. प्रीमियर ग्लेन क्लार्क यांच्या घराची मार्चमध्ये पोलिसांनी झडती घेतली. विषय एका कॅसिनोच्या परवान्याचा. आपल्याच नेत्याविषयी आता काय करायचं? दोसांझांनी ऑगस्टमध्ये जाहीरपणे सांगितलं की प्रीमियरविरुद्ध फौजदारी तपास चालू आहे. क्लार्क यांनी राजीनामा दिला. २००२ मध्ये न्यायालयानं त्यांना निर्दोष ठरवलं, आणि तेही तितक्याच मोठ्यानं सांगायला हवं. पण निकाल काय लागेल हे ठाऊक नसताना अ‍ॅटर्नी जनरलनं लोकांपासून ही गोष्ट दडवायची की नाही, हा प्रश्न वेगळा आहे. मला दोसांझांचं उत्तर पटतं. पक्षातल्या अनेकांना ते पटलं नाही.

क्लार्कनंतर पक्षाची होडी आधीच बुडत होती. दोसांझ प्रीमियर झाले ते अशा वेळी, आणि मे २००१ च्या निवडणुकीत ७९ पैकी दोन जागा उरल्या. त्यांची स्वतःचीही गेली. मतदानाच्या आधीच त्यांनी पराभव मान्य केला होता आणि सक्षम विरोधी पक्ष तरी द्या असं मतदारांना सांगितलं होतं. पुढे ते लिबरल पक्षातून खासदार झाले आणि २००४ मध्ये कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान पॉल मार्टिन यांच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री. त्याच सप्टेंबरमध्ये प्रांतांबरोबर दहा वर्षांचा आरोग्यनिधीचा करार झाला, ४१ अब्ज डॉलरचा. पक्ष बदलल्याबद्दल जुने सहकारी त्यांच्यावर रागावले. तो राग समजण्यासारखाच आहे.

आपल्या मंडळात डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, शिक्षक आहेत. रुग्णालयं, शाळा, रस्ते, घरभाड्याचे कायदे, हे सगळं देशाच्या राजधानीत ओटावात नव्हे, प्रांताच्या राजधानीत व्हिक्टोरियात ठरतं. तरी प्रांताच्या राजकारणात उतरलेला मराठी माणूस शोधावा लागतो. समोर बसलेल्या तरुणांपैकी कुणाला यात उतरायचं असेल, तर मतदारसंघातल्या पक्षशाखेच्या बैठकीला जा, निवडणुकीत दारोदार फिरा, कोणत्या पक्षातून ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि काका-मावशींना माझी हात जोडून विनंती आहे : तो मुलगा किंवा ती मुलगी पहिल्यांदा हरली, तर दुसऱ्या वेळी तिच्याबरोबर पत्रकं वाटायला जा. आणि निवडून आली, तर तिच्याकडे चिठ्ठी मागू नका.