सळईवरचा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, १० मिलिमीटरनं कमी पडलं, तर बांधकामाची किती वर्षं जातात?

नमस्कार मंडळी. ५ जुलै १९८६ ला पणजीचा मांडवी पूल कोसळला. पुलाचं वय होतं जेमतेम दीड दशक. खाऱ्या हवेत आतल्या तारांना लागलेला गंज हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं.

मग गंज कधी लागणार, हे आधी कळतं का? बऱ्यापैकी कळतं.

काँक्रीट मुळात सळईला सांभाळतं. त्याचा पीएच १२.५ च्या वर असतो, म्हणजे ते चांगलंच अल्कधर्मी असतं, त्यामुळे सळईवर ऑक्साइडचा बारीक थर धरतो. समुद्राकडून आलेला क्लोराइड, म्हणजे मिठातला क्षार, काँक्रीटच्या छिद्रांतून हळूहळू आत झिरपतो. सळईपाशी तो ठरावीक प्रमाणाबाहेर साठला, की तो थर जागोजागी फुटतो. गंज लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा घेतो; मग भेगा पडतात, पोपडे सुटतात.

१९८२ मध्ये संशोधक क्योस्ती तूत्ती यांनी याचे दोन टप्पे मांडले. क्लोराइड सळईपर्यंत पोचेपर्यंतचा पहिला, गंज वाढण्याचा दुसरा. खाडीकाठी दुसरा टप्पा बहुधा झटपट उरकतो. म्हणून सगळा जीव पहिल्यात. तो काढतात फिकच्या नियमानं, म्हणजे एखादा पदार्थ दुसऱ्यात किती वेगानं पसरतो ते सांगणाऱ्या सूत्रानं, आणि तिथं वेळ कव्हरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

(फळ्याकडे) धरा, ५० मिलिमीटर कव्हरला हिशेब आला ५० वर्षांचा. सळई १० मिलिमीटर बाहेर सरकली, कव्हर राहिलं ४०. वर्षं किती? ३२! ३० राहिलं तर फक्त १८. सिमेंट तेच, काँक्रीट तेच.

आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक, समुद्राचे तुषार झेलणाऱ्या काँक्रीटला ५० मिलिमीटर कव्हर सांगतं, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ७५. आणि साइटवर? सळई उचलून धरणारे कव्हर ब्लॉक पायाखाली फुटतात, मग खाली खडीचा तुकडा सारला जातो. ड्रॉइंगवरचे ५० तिथं ५० राहतील, यावर माझा तरी विश्वास नाही.

बाकीचे आकडेही डळमळीतच. स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) किंवा फ्लाय अॅश (कोळशाची राख) घातलेलं काँक्रीट वयाबरोबर आणखी घट्ट होत जातं, म्हणजे झिरपण्याचा वेग बदलता. शिवाय सूत्र धरून चालतं की काँक्रीटला तडा नाही. म्हणून नीट केलेला हिशेब एकच साल देत नाही, शक्यता देतो: इतक्या वर्षांत गंज सुरू होण्याची शक्यता १० टक्के, असं. कुणी '१०० वर्षं आयुष्य' म्हणालं तर विचारा, शंभराव्या वर्षी नक्की काय होणार? गंजाची सुरुवात, की पोपडे?

जुन्या बांधकामात वेगवेगळ्या खोलीवरची पूड काढून क्लोराइड मोजतात आणि पुढचा अंदाज बांधतात. पण आधी हाफ-सेल, म्हणजे सळईचा विद्युतदाब मोजणारं उपकरण, लावून बघा. कॉपर सल्फेटच्या इलेक्ट्रोडनं उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली आकडा दाखवला, तर तिथं गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. त्या जागेपुरतं फिकचं गणित बाजूला ठेवा, पहिला टप्पा बहुधा उलटून गेलाय.